घरातील नॅसचा क्लाउडवर बॅकअप: नॅस हाताशी नसेल असे धरून केलेली मांडणी

प्रश्नकर्त्याकडे चार डिस्कांचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेले, फायली साठवण्याचे उपकरण) आहे, त्या डिस्का रेड ५ मध्ये जोडलेल्या आहेत, सुमारे ५ टीबी जागा वापरात आहे आणि घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. नॅसवरचे सगळे फोल्डर सध्या रोज रात्री एका क्लाउड ड्राइव्हशी सिंक होतात. हे पुरेसे आहे का, नसल्यास कोणती सेवा आणि कोणते साधन निवडावे, आणि स्वस्तातल्या ‘कोल्ड’ (क्वचितच लागणाऱ्या डेटासाठीच्या) साठवणीवर भागेल का, असे त्यांनी विचारले आहे. थोडक्यात सांगायचे तर सिंक पुरेसे नाही आणि ५ टीबी सगळेच्या सगळे वर पाठवण्याची बहुधा गरजही नाही. सेवेच्या नावापेक्षा दोन कसोट्या अधिक महत्त्वाच्या आहेत. नॅस अजिबात हाताशी नसताना डेटा परत मिळवता येतो का, ही पहिली; आणि नॅसच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर त्याच्यामार्फत क्लाउडवरची प्रत पुसता येते का, ही दुसरी. पुढचे बहुतेक निर्णय या दोन कसोट्यांवरूनच ठरतात.

रेड ५ एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, तेवढेच तिचे काम आहे. चुकून पुसलेला फोल्डर, चोरी, आग किंवा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) यांच्यापुढे तिचा काही उपयोग नाही. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमवरचे स्नॅपशॉट (ठराविक क्षणी डेटा कसा होता याच्या नोंदी) चुकून पुसलेल्या फायलींवर उत्तम उपाय आहेत आणि ते जरूर चालू ठेवावेत, पण ते त्याच डिस्कांवर राहतात. हा धोका कल्पनेतला नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलची ‘माय बुक लाइव्ह’ ही जुनी उपकरणे इंटरनेटवरून परस्पर फॅक्टरी रीसेट केली गेली आणि अनेकांचा वर्षानुवर्षांचा डेटा नाहीसा झाला. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठून त्यांवरच्या फायली एन्क्रिप्ट केल्या. दोन्ही वेळा डिस्का पूर्णपणे धडधाकट होत्या.

सिंकची अडचण निराळी आहे. दोन्हीकडची स्थिती सारखी ठेवणे हे त्याचे काम असल्यामुळे नॅसवर फाइल खराब झाली की तीच खराब फाइल ते इमानेइतबारे वर पाठवते, आणि नॅसवर पुसलेली फाइल वरूनही पुसते. क्लाउड ड्राइव्हमधली कचरापेटी काही काळ तारून नेते हे खरे, परंतु गूगल ड्राइव्हची कचरापेटी, उदाहरणार्थ, ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते आणि एखादा जुना फोल्डर गायब असल्याचे घरात कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत सहा-आठ महिने सहज उलटून जातात. बॅकअपला म्हणूनच आवृत्त्या लागतात. रोजच्या सात, आठवड्याच्या चार किंवा पाच आणि महिन्याच्या बारा आवृत्त्या ठेवल्या की घरगुती गरज भागते.

आता डेटाच्या निवडीकडे वळू, कारण खर्च, वेळ आणि मनस्ताप यांतली सर्वांत मोठी बचत याच टप्प्यावर होते. ५ टीबीची तीन भागांत विभागणी करावी. पहिल्या भागात पुन्हा कधीही मिळणार नाही असा डेटा येतो, म्हणजे स्वतः काढलेले फोटो व व्हिडिओ, कागदपत्रे, हिशेब, पत्रव्यवहार, मुलांची कामे, स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे. दुसऱ्या भागात कष्टाने पण पुन्हा उभा करता येईल असा डेटा, जसे सीडीवरून उतरवलेले संगीत किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक). तिसऱ्या भागात डाउनलोड, इन्स्टॉलरच्या फायली, थंबनेलचे लपलेले फोल्डर, नॅसची स्वतःची कचरापेटी आणि कॅमेऱ्यांची रोज पुसली जाणारी चित्रफीत. फक्त पहिला भाग क्लाउडवर जावा. दुसऱ्यासाठी एक यूएसबी डिस्क पुरेशी आहे आणि तिसऱ्यासाठी काहीच नको. बहुतेक घरांत पहिला भाग एकूण डेटाच्या निम्म्याहूनही बराच कमी निघतो. लॅपटॉपचे टाइम मशीनसारखे बॅकअप नॅसवर असतील तर ते मात्र क्लाउडवर चढवू नयेत. त्यांची रचना असंख्य छोट्या तुकड्यांची असते, ते तुकडे दर तासाला बदलतात आणि अर्धवट चढलेला संच रिस्टोअर करताना, म्हणजे डेटा परत उतरवताना, कामाला येत नाही. त्याऐवजी लॅपटॉपमधील महत्त्वाचे फोल्डर थेट वेगळे पाठवलेले बरे.

निवड का करायची, ते साध्या गणिताने स्पष्ट होते. सेकंदाला २० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २.५ मेगाबाइट, तासाला ९ जीबी आणि दिवसाला २१६ जीबी. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात अपलोडला पूर्ण वेग दिला तर घरातले व्हिडिओ कॉल अडखळू लागतात, कारण अपलोडची रांग भरली की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत खोळंबतात. म्हणून बॅकअपच्या साधनातच वेगावर सुमारे ७५ टक्क्यांची मर्यादा घालावी आणि शक्य असेल तर दिवसा कमी, रात्री जास्त असे वेळापत्रक लावावे. त्या हिशेबाने रोज साधारण १६० जीबी चढतात. ५ टीबीला पूर्ण महिना लागेल. निवडलेला डेटा १.२ टीबी भरला तर आठवड्याभरात काम उरकेल. पहिला बॅकअप एकदम सगळा न लावता आधी कागदपत्रे, मग गेल्या दोन-तीन वर्षांचे फोटो, मग त्याआधीचे, असा टप्प्याटप्प्याने फोल्डर जोडत वाढवावा, म्हणजे मध्येच काही बिघडले तरी सर्वांत मोलाचा भाग वर पोचलेला असतो.

सेवा निवडताना क्लाउड ड्राइव्ह आणि ऑब्जेक्ट स्टोरेज यांतला फरक ध्यानात घ्यावा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह माणसांनी फायली उघडाव्यात, इतरांना पाठवाव्यात यासाठी बनवलेले आहेत. लाखो छोट्या फायली यंत्राने चढवायच्या असतील तर तिथे विनंत्यांच्या संख्येवर मर्यादा आड येते, आणि गूगल ड्राइव्हवर दिवसाला ७५० जीबीपेक्षा जास्त चढवता येत नाही. तुमच्या वेगाला ही दुसरी मर्यादा जाणवणार नाही, पहिली मात्र जाणवेल. ॲमेझॉन एस३, बॅकब्लेझ बी२, वसाबी यांसारखे ऑब्जेक्ट स्टोरेज यंत्रांसाठीच असते, जितकी जागा वापरली तितके पैसे घेते आणि, पुढे येणाऱ्या कारणांसाठी महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक ॲक्सेस कीला (प्रोग्रॅमला खात्यात शिरू देणाऱ्या किल्लीला) वेगळे अधिकार देऊ देते. ‘अमर्याद’ बॅकअपच्या योजनांच्या मोहात पडण्यापूर्वी अटी वाचाव्यात. बॅकब्लेझचीच संगणकासाठी असलेली अमर्याद योजना नॅस घेत नाही, नॅससाठी बी२च वापरावे लागते.

कोल्ड साठवणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आवृत्त्या ठेवणाऱ्या बॅकअपसाठी ती वापरू नये. एस३मधील ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’चे उदाहरण घ्या. तिथे ठेवलेली वस्तू, म्हणजे चढवलेली फाइल, आधी मागवावी लागते आणि ती साधारण मागणीला १२ तासांपर्यंत, स्वस्तातल्या मागणीला ४८ तासांपर्यंतच्या अवधीने उपलब्ध होते. वस्तू लवकर पुसली तरी किमान १८० दिवसांचे भाडे लागते. बॅकअपची साधने जुन्या नोंदी वारंवार वाचतात, जुने तुकडे पुसतात आणि नवे लिहितात. या तिन्ही सवयी तिथे महागात पडतात. वीस वर्षांपूर्वीच्या मूळ व्हिडिओ टेपांच्या फायलींसारखा कधीही न बदलणारा साठा असेल तर त्याची एक निराळी प्रत तिथे टाकायला हरकत नाही. भाव पाहताना साठवणीच्या दराइतकेच डेटा बाहेर काढण्याच्या दराकडेही लक्ष द्यावे. काही सेवांवर ठेवणे स्वस्त आणि परत आणणे बरेच महाग असते. बी२वर दरमहा सरासरी साठ्याच्या तिप्पट डेटा विनाशुल्क बाहेर काढता येतो, त्यामुळे एकदा पूर्ण रिस्टोअर करायला वेगळा भुर्दंड पडत नाही. वसाबी बाहेर काढण्याचे वेगळे पैसे घेत नाही, पण किमान एका टीबीचे आणि नेहमीच्या योजनेत किमान ९० दिवसांचे भाडे आकारते.

डेटा सेंटरही जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला लागलेल्या आगीत एक इमारत पूर्ण नष्ट झाली, आणि ज्यांचे सर्व्हर व बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते त्यांच्यापैकी काहींच्या हाती काहीच उरले नाही. तुमचा मूळ डेटा घरात आहे, त्यामुळे तुम्हाला एवढेच पाळायचे आहे की क्लाउडचा प्रदेश तुमच्या घरापासून लांबचा असावा आणि घरात नॅसव्यतिरिक्त एखाद्या यूएसबी डिस्कवर आणखी एक प्रत असावी. बहुतेक लहानसहान अपघातांत हीच डिस्क उपयोगी पडते. क्लाउडला हात लावण्याची वेळ क्वचितच येते.

साधन निवडताना पहिली कसोटी लावावी. सिनॉलॉजीचे ‘हायपर बॅकअप’ किंवा क्यूनॅपचे ‘हायब्रिड बॅकअप सिंक’ ही नॅससोबत येणारी साधने सोपी आहेत, त्यांत आवृत्त्या, वेळापत्रक आणि एन्क्रिप्शन सगळे मिळते, आणि कमांड लाइनची सवय नसलेल्या घरात मी तीच सुचवतो. हायपर बॅकअपचा संच नॅसशिवाय उघडण्यासाठी ‘हायपर बॅकअप एक्सप्लोरर’ हा साध्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम आहे. तो आजच लॅपटॉपवर घेऊन उघडून पाहावा. ट्रूनॅस या नॅसवर चालणाऱ्या प्रणालीतील क्लाउड सिंकच्या कामांमागे आरक्लोन हे साधन आहे, आणि ते मुळात फायली जशाच्या तशा नेणारे आहे, आवृत्त्या सांभाळणारे नव्हे. ज्यांना स्वतः मांडणी करायला आवडते त्यांच्यासाठी रेस्टिक आणि कोपिया ही मुक्त साधने मला सर्वांत भरवशाची वाटतात, कारण ती कोणत्याही संगणकावर चालतात आणि उद्या नॅसची कंपनी बदलली तरी जुना संच वाचता येतो.

या दोन प्रकारच्या साधनांतला फरक एका प्रसंगात नीट दिसतो. समजा, ८० जीबीच्या फोटोंचा एक फोल्डर आहे आणि कुणीतरी त्याचे नाव बदलून तो दुसऱ्या फोल्डरात हलवला. फायली जशाच्या तशा नेणाऱ्या साधनाला, त्याला तशी खास सूचना दिलेली नसेल तर, हे सगळे फोटो नवेच वाटतात. २० मेगाबिटच्या वेगाने ते पुन्हा चढवण्यात नऊ तास जातात आणि जुन्या जागेवरच्या प्रती पुसल्या जातात. रेस्टिक प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून तुकड्यांत कापते, प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातल्या बाइटांवरून निघणारी ओळखखूण) काढते आणि तो तुकडा वर आधीपासून आहे का ते पाहते. फोटोंचे बाइट तेच असल्यामुळे सगळे तुकडे ओळखीचे निघतात, वर जाते ती फक्त नव्या नावांची छोटीशी नोंद. असे अनेक तुकडे सुमारे १६ मेबीबाइटच्या एकेका गठ्ठ्यात बांधून पाठवले जात असल्यामुळे हजारो बारीक फायलींचा त्रासही वाचतो. याची किंमत अशी की बकेट (ऑब्जेक्ट स्टोरेजमधला तुमचा कप्पा) उघडून पाहिल्यास तुमचा एकही फोटो ओळखू येत नाही. डेटा वाचायला तेच साधन आणि पासवर्ड लागतो.

पासवर्डाचा विषय यामुळेच गंभीर आहे. एन्क्रिप्शन नॅसवरच, म्हणजे डेटा घराबाहेर पडण्यापूर्वी व्हायला हवे. सेवा देणारी कंपनी तिच्या डिस्कांवर जे एन्क्रिप्शन करते त्याची किल्ली तिच्याकडे असते. हायपर बॅकअपमध्ये ही निवड काम तयार करतानाच करावी लागते, नंतर बदलता येत नाही, आणि त्या वेळी उतरवून मिळणारी किल्लीची फाइल बरेचजण त्याच नॅसवर ठेवून देतात. गुंता नेमका इथेच होतो. बॅकअपचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, पासवर्ड मॅनेजर त्याच नॅसवरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा चालवण्याच्या कप्प्यात), क्लाउड खात्याचा दुसऱ्या टप्प्याचा कोड फोनमध्ये आणि फोनचा बॅकअप पुन्हा नॅसवर, अशी साखळी घराघरांत आढळते. नॅस आणि फोन एकाच वेळी गेले की बाहेर पडायची वाटच उरत नाही. यावर उपाय कागदाचा आहे. एका कागदावर सेवेचे नाव, खात्याचा ईमेल, बकेटचे नाव व प्रदेश, साधनाचे नाव, बॅकअपचा पासवर्ड आणि खात्याचे आपत्कालीन कोड स्वच्छ अक्षरांत लिहावेत. एक प्रत घरात आणि दुसरी विश्वासाच्या नातेवाइकाकडे बंद पाकिटात ठेवावी. घरातल्या दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने तो कागद वाचून पहिली पायरी तरी ओलांडून दाखवावी, म्हणजे त्यात काय राहून गेले आहे ते कळते.

दुसरी कसोटी बहुतेक घरगुती मांडण्यांत नापास होते. नॅसमध्ये क्लाउडची जी ॲक्सेस की भरलेली असते ती सोयीसाठी म्हणून मुख्य खात्याचीच असते, म्हणजे तिला सगळे बकेट पुसण्याचा अधिकार असतो. नॅसवर ताबा मिळवणाऱ्याच्या हाती ती की आपोआप पडते, आणि अनुभवी हल्लेखोर आधी बॅकअप पुसतात, मग डेटा एन्क्रिप्ट करतात. म्हणून फक्त या बकेटपुरती वेगळी की तयार करावी. तिला वाचण्याचा, लिहिण्याचा आणि यादी पाहण्याचा अधिकार असावा. वस्तूंच्या आवृत्त्या कायमच्या पुसण्याचा आणि बकेटच्या सेटिंग्ज बदलण्याचा नसावा. बकेटवर व्हर्जनिंग (वस्तूंच्या जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय) चालू ठेवून, जुन्या झालेल्या आवृत्त्या ९० दिवसांनी सेवेनेच काढून टाकाव्यात असा लाइफसायकल नियम लावावा. एस३च्या पद्धतीत व्हर्जनिंग चालू असताना साधी ‘पुसा’ अशी आज्ञा दिली की वस्तूवर पुसल्याची खूण पडते, वस्तू मागे शिल्लकच राहते; बी२मध्येही फाइल अशीच लपवली जाते. त्यामुळे साधनाची नेहमीची साफसफाई बिनबोभाट चालते आणि हल्लेखोराने सगळे पुसले तरी तुमच्या हाती ९० दिवस राहतात. त्या काळात आरक्लोनने बकेटची ठराविक तारखेची स्थिती उतरवून घेता येते. मुख्य खात्याचा पासवर्ड नॅसवर कुठेही नसावा आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी असावी.

ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे वस्तू ठराविक मुदतीसाठी कुलूपबंद करणे, हा याहून कडक उपाय आहे. त्याच्या ‘कम्प्लायन्स’ प्रकारात मुदत संपेपर्यंत मुख्य खात्यालाही वस्तू पुसता येत नाही. ऐकायला हे उत्तम वाटते, पण तुकड्यांवर चालणाऱ्या साधनांसोबत त्यात एक खाच आहे जी सहसा सांगितली जात नाही. कुलपाची मुदत तुकडा चढवल्याच्या दिवसापासून मोजली जाते. दोन वर्षांपूर्वी चढवलेला तुकडा आजच्या बॅकअपलाही लागत असतो, परंतु त्याचे ३० दिवसांचे कुलूप केव्हाच उघडलेले असते. म्हणजे नवे तुकडे सुरक्षित आणि त्यांचा पाया उघडा. कोपियामध्ये वापरातल्या तुकड्यांचे कुलूप वेळोवेळी वाढवण्याची सोय आहे. ती नसलेल्या साधनाबरोबर ऑब्जेक्ट लॉकवर विसंबण्यापेक्षा वर सांगितलेली मर्यादित की आणि लाइफसायकल नियम मला जास्त प्रामाणिक वाटतात.

नॅसवर कंटेनरमध्ये फोटोंचे ॲप किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम चालत असेल तर त्याच्या डेटाबेसची फाइल चालू स्थितीत उचलू नये. आधी त्या डेटाबेसचा डंप (त्यातला सगळा मजकूर उतरवलेली वेगळी फाइल) घ्यावा आणि तो डंप बॅकअपमध्ये जावा, अन्यथा फोटो परत येतात आणि अल्बम, चेहऱ्यांची नावे, टिपणे मात्र येत नाहीत.

चालू बॅकअपवर लक्ष ठेवताना अपयशाच्या ईमेलवर विसंबू नये, कारण नॅसच बंद पडला तर तो ईमेल कोण पाठवणार? यशस्वी झाल्याचा संकेत बाहेरच्या एखाद्या देखरेख सेवेला रोज जावा आणि दोन दिवस तो आला नाही तर तिने तुम्हाला कळवावे. रोज किती डेटा चढला हा आकडाही पाहत जावे. एरवी रात्री दोन-तीन जीबी चढत असताना एके दिवशी अचानक शंभर जीबी रांगेत दिसले, तर एक तर कुणी मोठा साठा आणून टाकला आहे किंवा फायली कुणीतरी एन्क्रिप्ट करीत आहे; दुसरी शक्यता आधी तपासावी. क्लाउड खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली की बिल थकते आणि काही इशाऱ्यांनंतर खाते गोठते, म्हणून बिलाचे ईमेल घरातल्या दोघांना जातील असे पाहावे.

रिस्टोअरची तपासणी दोन प्रकारे करावी. रेस्टिकला साठ्याचा ठराविक हिस्सा उतरवून तपासायला सांगता येते. दर महिन्याला बारावा हिस्सा तपासला की वर्षभरात सगळा साठा एकदा वाचून होतो. हायपर बॅकअपमध्येही अखंडतेची तपासणी वेळापत्रकावर लावता येते. दुसरी तपासणी माणसाने करायची. नॅस बंद ठेवून, ज्या लॅपटॉपवर बॅकअपचे काहीही बसवलेले नाही असा लॅपटॉप घ्यावा, फक्त तो कागद समोर ठेवावा आणि तीन महिन्यांपूर्वीच्या आवृत्तीतून एक फोटोंचा फोल्डर, एक कागदपत्रांचा फोल्डर आणि एक डेटाबेसचा डंप उतरवावा. फोटो उघडतात का, त्यांच्या तारखा जशाच्या तशा आहेत का, देवनागरी नावे शाबूत आहेत का आणि डंप दुसऱ्या कंटेनरमध्ये चढतो का, हे पाहावे. उतरवायला किती वेळ लागला ते त्याच कागदावर लिहून ठेवावे, कारण प्रत्यक्ष प्रसंगी १.२ टीबी किती दिवसांत येईल याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो आणि आधी काय उतरवायचे हेही त्यावरूनच ठरवता येते.